डायनमो उतरवताना: जुना ट्रक आणि विजेचा सव्वाशे वर्षांचा वळसा

धागा थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

ज्यांनी कधीकाळी रात्री सायकल चालवली आहे, त्यांना 'डायनमो' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. टायरला टेकवलेली बाटलीच्या आकाराची ती वस्तू. ती टेकवली की पायडल जड होई, चढावर दिवा मिणमिणे आणि उतारावर झगझगीत पेटे. गंमत अशी, की काटेकोर परिभाषेत ती वस्तू डायनमो नव्हतीच. तिच्या आत लोहचुंबक फिरत असे, तारेचे वेटोळे स्थिर असे आणि बाहेर येणारी वीज क्षणोक्षणी दिशा बदलणारी, म्हणजे पाठ्यपुस्तकातली प्रत्यावर्ती आणि बोलीतली एसी असे. सायकलवर जे होते तो एक छोटासा ऑल्टरनेटर होता. त्याच काळातल्या ट्रकवर मात्र खराखुरा डायनमो असे.

नावांचा हा घोटाळा वरवरचा वाटतो. त्याचा धागा ओढत गेले, की जुन्या ट्रकच्या बॉनेटखाली एक विलक्षण इतिहास सापडतो.

उदाहरणादाखल एक विशिष्ट ट्रक घेऊ. शेवरोले कंपनीने १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत 'ॲडव्हान्स डिझाइन' या नावाने ट्रकांची नवी मालिका बाजारात आणली. गोलसर बॉनेट, समोर आडव्या पट्ट्यांची जाळी, सहा सिलिंडरचे शांत इंजिन. १९५५ च्या आरंभापर्यंत हे ट्रक बनत होते. आज अमेरिकेत जुनी वाहने जपणाऱ्यांमध्ये त्यांना मोठा मान आहे. असा ट्रक हाती आला, की बहुतेक मालक जी कामे सर्वांत आधी काढतात, त्यांपैकी एक म्हणजे मूळचा डायनमो उतरवून ऑल्टरनेटर बसवणे.

हे वाहन आपल्याला अगदीच परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना उभारला आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात, सरकारी धोरण बदलल्यावर, तो बंद केला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, त्या काळातल्या ताफ्यात दहा निरनिराळ्या बनावटींच्या गाड्या होत्या आणि शेवरोले ही त्यांपैकी एक. त्या पिढीच्या चालकांना विजेच्या ज्या खोडी सोसाव्या लागल्या, त्याच आज अमेरिकेतल्या हौशी मालकाला छळतात.

या कामाचे वर्णन सर्वत्र एकाच शब्दांत होते: जुने काढून नवे बसवणे. माझा आक्षेप या वर्णनाला आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर ऑल्टरनेटरची रचना डायनमोच्या आधीची आहे.

मायकेल फॅराडेने १८३१ साली दाखवून दिले, की चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांसापेक्ष हलते ठेवले की तारेत वीज निर्माण होते. पुढच्याच वर्षी पॅरिसमधल्या हिपोलित पिक्सी या उपकरणकाराने त्या तत्त्वावर हाताने फिरवायचे यंत्र बनवले. त्यात नालेच्या आकाराचा लोहचुंबक फिरे आणि वेटोळी जागेवर स्थिर राहत. प्रत्येक अर्ध्या फेरीला विजेची दिशा उलटे.

ही उलटापालट त्या काळाला नकोशी होती. वीज म्हणजे व्होल्टाच्या घटातून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, अशी सर्वांची समजूत, आणि सारी उपकरणेही त्याच समजुतीवर बेतलेली. दिशा बदलणाऱ्या विजेचे करायचे काय? तेव्हा आंपेरच्या सूचनेवरून पिक्सीने यंत्राला एक फिरती कळ जोडली. प्रवाह उलटण्याच्या नेमक्या क्षणी ती जोडणीही उलटवी, आणि बाहेर येणारी वीज एकाच दिशेची राही. हा कॉम्युटेटर. आपल्या शालेय पुस्तकांतले दुभंगलेले कडे ते हेच. म्हणजे मूळ यंत्र ऑल्टरनेटरच्या जातीचे होते. एकाच दिशेची वीज देणारे जनित्र ही त्यावर केलेली दुरुस्ती होती.

पुढच्या यंत्रांत चुंबक स्थिर झाला आणि वेटोळी फिरू लागली. त्या फिरत्या भागाला आर्मेचर म्हणतात. कार्बनचे ब्रश कॉम्युटेटरवर घासत राहतात आणि आर्मेचरमधली सगळी वीज त्या घासणाऱ्या जागेतूनच बाहेर पडते. हे 'सगळी' लक्षात ठेवावे. पुढे त्यावरच सारे अडणार आहे.

'डायनमो' हे नाव आले ते १८६६-६७ च्या सुमारास. वर्नर सीमेन्स, चार्ल्स व्हीटस्टोन आणि सॅम्युएल व्हार्ली या तिघांनी जवळपास एकाच वेळी आणि स्वतंत्रपणे ओळखले, की कायमच्या लोहचुंबकाची गरजच नाही. लोखंडात मागच्या वेळचे किंचित चुंबकत्व शिल्लक असते. यंत्र फिरवले की त्यातून थोडी वीज येते, ती वीज चुंबकत्व वाढवते, वाढलेले चुंबकत्व आणखी वीज देते, आणि यंत्र स्वतःच्याच बळावर उभे राहते. हंगेरीचा आन्योश येडलिक याने ही कल्पना त्याआधीच योजली होती; पण तिला जगभर पोहोचवले सीमेन्सने.

यात रंजक भाग असा, की १९४७ च्या ट्रकवरही तेच शिळे चुंबकत्व काम करते. डायनमो दुरुस्त करून बसवला की जुना मिस्त्री बॅटरीच्या तारेचा क्षणभर स्पर्श त्याच्या टोकाला देतो. बारीक ठिणगी उडते आणि मग इंजिन चालू करतात. हे शिल्लक चुंबकत्वाला योग्य दिशा देणे आहे. बहुतेक मिस्त्री हे गुरूने सांगितले म्हणून करतात. प्रत्यक्षात ते १८६७ साली बर्लिन आणि लंडनच्या विद्वत्सभांपुढे मांडलेल्या सिद्धान्ताचे प्रात्यक्षिक असते.

शहरांच्या वीजपुरवठ्यात १८८० च्या दशकात एसी आणि डीसी यांचा गाजलेला झगडा झाला. तो अनेकदा सांगून झालेला विषय असल्याने येथे टाळतो. निकाल एसीच्या बाजूने लागला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच मोठी वीजकेंद्रे ऑल्टरनेटरवर चालू लागली. मग मोटारीने आणखी अर्धे शतक डायनमो का सांभाळला? कारण मोटारीत बॅटरी होती. बॅटरीत वीज साठवायची तर ती एकाच दिशेने आली पाहिजे. शहराला साठवण करायची नव्हती, मोटारीला होती.

मोटारीतही बॅटरी आरंभापासून अशी मध्यवर्ती नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांचे दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत आणि इंजिन हँडल मारून सुरू होई. ते हँडल उलट फिरले तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगने यावर उपाय काढला. रोकड नोंदवणाऱ्या गल्लायंत्रांना विजेची मोटर बसवण्याचे काम त्याने आधी केले होते, आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती: काही क्षणांपुरतेच काम असेल, तर लहानशा मोटरवर तिच्या क्षमतेबाहेरचा भार टाकता येतो. १९१२ च्या कॅडिलॅकवर त्याचा विजेचा स्टार्टर आला. आपल्याकडे 'सेल्फ मारणे' हा वाक्प्रचार रूढ झाला, त्याचे मूळ येथे आहे. सेल्फ आला म्हणजे मोठी बॅटरी आली, आणि ती भरण्यासाठी इंजिनाला कायमचा बांधलेला डायनमो आला.

आता आपल्या ट्रकचा हिशेब मांडून पाहू. विजेची यंत्रणा सहा व्होल्टची. डायनमोची ताकद तीस ते चाळीस अँपिअरच्या घरातली, आणि तीही इंजिन चांगल्या वेगात असताना. समोरचे दोन दिवे प्रत्येकी ४५ वॅटचे. दोन्ही मिळून ९० वॅट, म्हणजे सहा व्होल्टवर पंधरा अँपिअर. त्यात इग्निशन, मागचा दिवा, थंडीत हीटरचा पंखा. मोकळ्या रस्त्यावर हा हिशेब जुळतो. चौकात थांबून इंजिन मंद फिरू लागले की डायनमो जवळजवळ काहीच देत नाही. सगळा भार बॅटरीवर पडतो. डॅशबोर्डवरच्या अँमीटरचा काटा डावीकडे झुकतो आणि दिवे पिवळे पडतात. शेतावरून दिवसाउजेडी बाजाराला जाणाऱ्या ट्रकला याने फरक पडत नव्हता. आजच्या रहदारीत, पावसाळी रात्री, मागच्या वाहनाला आपला दिवा दिसणे न दिसणे यावर जीव अवलंबून असतो.

मग डायनमोला वेगाने का फिरवू नये? लहान पुली लावली की झाले, असे वाटते. पण डायनमोत जड तांब्याचे वेटोळे आर्मेचरवर गुंडाळलेले असते आणि कॉम्युटेटर तांब्याच्या अनेक सुट्या पट्ट्यांचा बनलेला असतो. इंजिनाच्या कमाल वेगाला आर्मेचर अतिवेगाने फिरले, तर केंद्रोत्सारी बलाने तारा आणि पट्ट्या बाहेर फेकल्या जातात. शिवाय सगळी वीज घासणाऱ्या ब्रशांतून न्यायची असल्याने ठिणग्या वाढतात आणि ब्रश झिजतात. म्हणून पुली मोठीच ठेवावी लागते, आणि म्हणूनच मंद गतीला डायनमो लंगडा पडतो. १८३२ च्या तडजोडीची किंमत ट्रकचालक १९४७ साली अशी मोजत होता.

डायनमोजवळ एक काळी पेटी असते. आपल्याकडच्या गॅरेजांत तिला सरसकट 'कटआउट' म्हणतात. वस्तुतः ते आतल्या तीन चुंबकी स्विचांपैकी एकाचेच नाव. हा कटआउट, इंजिन मंद झाले की डायनमोला बॅटरीपासून तोडतो. तसे केले नाही, तर बॅटरी उलट डायनमोलाच मोटरसारखी फिरवू पाहते आणि जळून जाते ती वायरिंग. दुसरा स्विच व्होल्ट आवरतो, तिसरा अँपिअर. तिन्ही स्विच स्प्रिंगचा ताण आणि पट्टीतले अंतर यांवर चालतात. कुशल हात ते वाकवून जुळवत, आणि पावसाळ्याची दमट हवा ते बिघडवी.

डायनमोवर पहिला रोष शेतकऱ्याचा किंवा ट्रकवाल्याचा नव्हता. तो पोलिसांचा आणि बसचालकांचा होता. अमेरिकेतल्या पोलिसांच्या गाड्यांत दुतर्फा बोलण्याचे रेडिओ आले. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे हे रेडिओ विजेचे भुकेले, आणि पोलिसांची गाडी तर तासन् तास एका जागी मंद इंजिनावर उभी. लीस-नेव्हिल या क्लीव्हलंडच्या कंपनीने अशा गाड्यांसाठी ऑल्टरनेटर पुरवले. एसी एकदिश करण्याचे काम सेलेनियमच्या पट्ट्यांनी केले. या पट्ट्यांचा गठ्ठा एवढा मोठा असे, की हवा लागावी म्हणून तो रेडिएटरजवळ बसवत. जळाला की दुर्गंधी असह्य. महाग, अवजड, पण पोलिसांचे काम भागले.

खरा बदल घडवला तो सिलिकॉन डायोडने. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बोटाच्या पेराएवढे, उष्णता सोसणारे आणि मोटारीला परवडतील इतके स्वस्त डायोड तयार होऊ लागले. डायोड म्हणजे विजेची एकेरी वाट: एका दिशेने जाऊ देतो, उलट दिशेने अडवतो. कॉम्युटेटर जे तांब्याच्या पट्ट्या, कार्बन आणि ठिणग्यांनी करत होता, ते सहा डायोड हालचाल न करता करू लागले. १९६० च्या व्हॅलियंट गाडीवर क्रायस्लरने ऑल्टरनेटर मूळ साधन म्हणूनच दिला, पुढच्या वर्षी आपल्या इतर गाड्यांवर. जनरल मोटर्सने १९६३ साली त्याच वाटेने पाऊल टाकले.

कॉम्युटेटर नको झाल्यावर आतली मांडणीही पुन्हा उलटली. चुंबक फिरू लागला आणि वीज देणारी वेटोळी बाहेरच्या कवचात स्थिर झाली. पिक्सीच्या यंत्रात होते तसेच, आणि सायकलच्या त्या 'डायनमो'त होते तसेच! फरक एवढा, की फिरता चुंबक विजेने तयार होतो आणि त्यासाठी दोन अखंड कड्यांवरून केवळ चार-पाच अँपिअर आत पाठवावे लागतात. बाहेर पडणारे साठ-सत्तर अँपिअर कुठेही घासत नाहीत. फिरता भाग दणकट असल्याने लहान पुली लावून त्याला इंजिनाच्या दर फेरीमागे अडीच-तीन फेऱ्या देता येतात. म्हणून चौकात उभ्या असलेल्या गाडीतही दिवा पांढरा राहतो.

काळ्या पेटीतले तीन स्विचही निकामी झाले. बॅटरीची वीज उलट येणे डायोडच रोखतात, म्हणून कटआउट नको. ऑल्टरनेटरमधला प्रवाह वाढला की त्याचेच चुंबकत्व त्याला विरोध करते, म्हणून अँपिअरचा स्विच नको. उरला फक्त व्होल्ट आवरणारा; तो १९७० च्या दशकात जनरल मोटर्सच्या ऑल्टरनेटरमध्ये एक छोटी इलेक्ट्रॉनिक चकती बनून आतच जाऊन बसला. जुन्या शेवरोले ट्रकवर आज सर्वाधिक बसवला जातो तो याच घराण्यातला.

बसवण्याचे काम मात्र वाटते तितके निरुपद्रवी नाही. हा ऑल्टरनेटर बारा व्होल्टचा, म्हणून बॅटरी, बल्ब, कॉइल, हीटरची मोटर, इंधनाचा काटा अशी बदलांची साखळी लागते. सहा व्होल्टचा सेल्फ बहुधा बाराचा मारा सोसतो. केटरिंगचे तत्त्व येथे पुन्हा उपयोगी पडते. शेवरोलेत बॅटरीचे ऋण टोक चॅसिसला असते, ते सोयीचे. त्या काळच्या फोर्ड आणि डॉज ट्रकांत धन टोक चॅसिसला असे. तेथे आधी सारी जोडणी उलटवावी लागते. न उलटवता ऑल्टरनेटर जोडला, तर डायोड क्षणात जातात. आणि डायनमोला द्यायचा तो ठिणगीचा स्पर्श ऑल्टरनेटरला कदापि द्यायचा नसतो.

त्याहून गंभीर गोष्ट वायरिंगची आहे. सुती वेष्टनाच्या त्या तारा आणि तो अँमीटर तीस-चाळीस अँपिअरसाठी बनले. रिकामी बॅटरी भरताना नवा ऑल्टरनेटर साठ अँपिअर त्यांतून ढकलू शकतो. सत्तर वर्षांचे वाळलेले वेष्टन आणि पेट्रोलची नळी शेजारी शेजारी असतात. जाणकार म्हणूनच ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड तार स्वतंत्र नेतात आणि तिच्यात फ्यूज घालतात. एक खोडी तर मजेशीर आहे: नियंत्रकाला जाग आणणारी बारीक तार थेट इग्निशनला जोडली, तर किल्ली काढून घेतली तरी इंजिन चालूच राहते, कारण ऑल्टरनेटर उलट दिशेने इग्निशनला वीज पुरवत राहतो. मध्ये एक छोटा दिवा किंवा डायोड घातला की इंजिन मुकाट्याने बंद होते. काहीजण ही तार टाळून 'एका तारेचा' ऑल्टरनेटर घेतात. तो जागा होतो फिरत्या लोखंडातल्या शिल्लक चुंबकत्वाने, आणि म्हणून सुरुवातीला इंजिनाला थोडी रेस द्यावी लागते. सीमेन्स येथूनही हटलेला नाही.

आता वादाचा मुद्दा. डायनमो काढणे म्हणजे ट्रकचा अस्सलपणा घालवणे, असे मानणारा एक पंथ आहे. मला तो पुरता पटत नाही. हे ट्रक संग्रहालयासाठी बनले नव्हते. त्यांच्या मालकांनी त्यांना हवे ते जोडले, हवे ते कापले, १९६० च्या दशकात कित्येकांनी भंगारातल्या गाडीचा ऑल्टरनेटर लावून पुढची वीस वर्षे काम काढले. तो बदलही ट्रकच्या इतिहासाचाच भाग आहे. आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना साधन म्हटले की कागद आठवतो. पण ट्रक हेही साधन आहे, आणि दुरुस्त्यांसकट आहे.

मात्र दुसऱ्या पंथाचे 'जुने फेकून द्या' हेही तितकेच चुकीचे. माझ्या मते खरे नुकसान डायनमो उतरवण्याने होत नाही. ते मूळ वायरिंग कात्रीने कापल्याने आणि ब्रॅकेट वेल्डिंगने तोडल्याने होते. डायनमो परत बसवता येतो. कोणती तार कोठून कोठे जात होती, हे मात्र एकदा कापल्यावर सांगता येत नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरिन सनद याच भूमिकेची आहे: सुरक्षेसाठी लागणारे बदल मूळ रचनेला कमीत कमी धक्का लावणारे आणि पूर्ववत करता येण्याजोगे असावेत, आणि काढलेले मूळ भाग वाहनासोबत जपावेत.

बाजाराने यावर स्वतःचाही तोडगा काढला आहे. बाहेरून डायनमोसारखेच लांबट काळे कवच आणि आत ऑल्टरनेटर, अशी यंत्रे विकत मिळतात. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला १९४७ दिसते. मला ही फसवणूक आवडत नाही. साधा, उघड दिसणारा ऑल्टरनेटर अधिक प्रामाणिक. त्याच्या शेजारी मूळ तारा टोके बांधून तशाच ठेवाव्यात, आणि उतरवलेला डायनमो तेल पुसून, कोणत्या ट्रकचा, कधी आणि का काढला याची चिठ्ठी बांधून, कोरड्या फळीवर ठेवावा.